रुपयाच्या फेऱ्या

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावात पांदण रस्त्याचे काम निघाले आणि एका घरात हजार रुपये मजुरी आली, असे समजू या. घरची बाई आठवडी बाजाराला जाते. तेल, मीठ, साबण, चहापत्ती, पोरीची वही, फोनचे रिचार्ज. या खरेदीतला थोडासा नफा दुकानदाराकडे राहतो आणि बाकी रक्कम काही दिवसांत नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे रवाना होते. पण तीच बाई ढिवराच्या टोपलीतल्या मासोळ्या घेते, शेजारणीकडून कोंबडी घेते, लोहाराकडून विळा पाजवून आणते. ढिवर त्या पैशातून कुंभाराकडून छपराची कवेलू घेतो. लोहार गावच्याच शिंप्याकडे सदरा शिवायला टाकतो. रस्त्याचे काम संपलेले असते, मस्टर बंद झालेले असते, तरी त्या कामाची मजुरी अजून कोणाच्या ना कोणाच्या हाताला काम देत असते.

हे किती वेळ चालेल? दर हजारातले ६०० रुपये गावातच खर्च होत असतील, तर पुढच्या हातात ६००, त्याच्या पुढच्या हातात ३६०, मग २१६, असे उतरत जाऊन सगळ्यांचे मिळून उत्पन्न २५०० रुपयांवर थांबते. हजारातले २०० च गावात राहत असतील, तर हजार, २००, ४०, ८ असे करत १२५० वर सगळे आटोपते. सरकारी तिजोरीतून पैसे तेवढेच गेले, रस्ताही तेवढाच झाला, पण एका गावात त्याचे अडीच हजार झाले आणि दुसऱ्यात साडेबाराशे.

अर्थशास्त्रात या हिशेबाला गुणक म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तो जॉन मेनार्ड केन्सच्या नावावर जमा असतो आणि शिकवताना सगळा भर सरकारने खर्च किती केला यावर असतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून या कल्पनेचा माग काढू लागलो, की भर बदलतो. इथे पैसा आलाच नाही असे झालेले नाही. कोळशाचा आला, बांबूचा आला, तेंदूपानाचा आला, आता लोहखनिजाचा येतो आहे. तो किती फेऱ्या मारून बाहेर पडला आणि बाहेरचे दार कोणाच्या हातात होते, हा इथला खरा प्रश्न आहे.

केन्सच्या आधी हे गणित मांडले रिचर्ड कान या त्याच्या तरुण सहकाऱ्याने. ब्रिटनमधल्या १९२९ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाच्या लॉइड जॉर्जने सरकारी कामे काढून बेकारी हटवण्याचे वचन दिले होते. केन्सने ह्यूबर्ट हेंडरसनबरोबर पुस्तिका लिहून त्याला पाठिंबा दिला. ब्रिटिश अर्थखात्याचे म्हणणे असे, की सरकारने एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले तर नवे काम कुठून निर्माण होणार? रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मजुराच्या मागे आणखी माणसांना काम मिळते हे केन्सला दिसत होते, पण किती माणसांना, हे सांगता येत नव्हते. त्या वेळी काही जण तर म्हणत, की ही साखळी मान्य केली तर एका रस्त्याने सगळ्या देशाची बेकारी संपायला हवी. जून १९३१ च्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये पंचविशीतल्या कानने उत्तर दिले. साखळी अनंत असली तरी तिची बेरीज मर्यादित असते, कारण प्रत्येक फेरीत काही पैसा गळतो. काही शिल्लक पडतो, काही आयात मालावर जातो, काही बेकारभत्ता वाचल्यामुळे सरकारकडे परत येतो. कानने ब्रिटनसाठी काढलेला आकडा दोनाच्या आतच होता. पुढे १९३३ मध्ये केन्सने ‘द टाइम्स’मधल्या लेखांत हा विचार लोकांसमोर आणला आणि १९३६ च्या ‘जनरल थिअरी’त त्याला स्वतंत्र प्रकरण दिले.

कानच्या लेखाचा कणा ही गळतीच आहे. गळती मोजल्याखेरीज गुणक काढताच येत नाही. नंतरच्या प्रचारात खर्चाचा आकडा मोठा झाला आणि गळती तळटीपेत गेली. मला वाटते, मागास भागांच्या बाबतीत आपली बरीचशी फसगत इथूनच सुरू होते.

आता केन्स-कानचे केंब्रिज सोडून चंद्रपूरकडे येऊ. गोंड राजांच्या काळाबद्दल इथे सांगितले जाते, की जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला गावाची सत्ता आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. हीरशहा राजाचे नाव या धोरणाशी जोडले जाते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या बाजूला आणि शेजारच्या भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले. या व्यवहारात राजाच्या खजिन्यातून रोकड जवळजवळ गेलीच नाही. पाळ घालायला लागलेली मेहनत गावची, माती गावची, बांधणाराचे ज्ञान गावचे. पाण्यावर धान पिकला, धानावर माणसे जगली, तलावात ढिवरांना मासे आणि शिंगाडे मिळाले, काठावरच्या झाडांवर गुरे आणि पाखरे विसावली. गुंतवणूक आणि तिचे फळ यांच्यामध्ये बाहेरचा व्यापारी नव्हता. उत्पन्नाचा एक वाटा सारा म्हणून राजाकडे गेला, पण राजा चंद्रपुरातच राहत होता आणि परकोट बांधायला, देवळे उभारायला तोच धान्य-पैसा पुन्हा याच मुलखात उतरत होता.

या तलावांना पुढे मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५१ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली आणि ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलीत मामा तलाव झाले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. पण तलावाची मालकी सरकारकडे गेली, पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे, तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, देखभाल यांची जबाबदारी मात्र नीट कोणाकडेच राहिली नाही. तलावात पाणी किती आले यापेक्षा तुडुम कोण उघडतो आणि कोणाच्या सांगण्यावरून, यावर शेवटच्या बांधीतला धान अवलंबून असतो. पैशाचेही तसेच आहे.

दार पहिल्यांदा सताड उघडले ते रेल्वेने. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर चांदा (चंद्रपूरचे जुने नाव) जिल्हा इंग्रजांकडे आला. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि कोळसा वाहून नेण्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. खाण १९०६ मध्ये बंद पडली, पुढे बल्लारपूरची सुरू झाली. वरोऱ्याचा कोळसा मुख्यतः रेल्वेच्या इंजिनांत जळला. खाणीची यंत्रे विलायतेची, वरचे अधिकारी विलायतेचे, खाली मजुरी तेवढी इथली. परतीच्या गाडीने स्वस्त लोखंड आणि कापड आले. जिल्ह्यात ठिकठिकाणी मातीच्या भट्ट्यांत खनिज वितळवून लोखंड काढणारे लोक होते. त्यांच्या भट्ट्या हळूहळू थंडावल्या. म्हणजे कोळशाच्या पैशाने इथे जेवढे काम निर्माण केले, त्यातले काही त्याच मार्गाने आलेल्या मालाने खाऊन टाकले. असा उणे गुणकही असतो, तो पाठ्यपुस्तकात क्वचित सापडतो.

या काळातली एक हकिकत चंद्रपूरकरांनी विसरू नये अशी आहे. १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दल तो होता, आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा होता. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या टाटांनी इथे पोलादाचा कारखाना काढायचे मनावर घेतले. पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत पोलादासाठी कामाचा ठरला नाही आणि खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत मागे पडला. वीस-बावीस वर्षांनी वेल्ड हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ टाटांसाठी पुन्हा चांद्यात फिरला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढे नव्हते. नागपूरच्या संग्रहालयातल्या नकाशावरून शोध दुर्गकडे वळला आणि तिथून मयूरभंजकडे. १९०७ मध्ये टाटा कंपनी उभी राहिली ती साकचीसाठी, ज्याचे पुढे जमशेदपूर झाले.

जमशेदपूरला एका भट्टीमागे शहर उभे राहिले: घरे, शाळा, दवाखाने, सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने, त्यांच्या कामगारांना भाजी पुरवणारी गावे. तिथे दुसरी, तिसरी, चौथी फेरी त्याच मुलखात झाली. चांद्याच्या वाट्याला खनिज काढून पाठवण्याचे काम आले. जमिनीखाली काय आहे यावर समृद्धी ठरत नाही, ते कुठे घडवले जाते यावर ठरते, एवढे तरी त्यातून दिसते. कोळशाच्या गुणधर्मात कोणाचा दोष नव्हता, पण परिणाम शंभर वर्षे टिकला.

याच सुमाराला दादाभाई नौरोजी साऱ्या देशाचा असाच हिशेब मांडत होते. १८६७ पासून ते सांगत होते आणि १९०१ च्या ग्रंथात त्यांनी ते विस्ताराने मांडले: हिंदुस्थानचे उत्पन्न दरसाल देशाबाहेर वाहते, ते इथे खर्च होत नाही, म्हणून इथे भांडवल साठत नाही. गोऱ्या अधिकाऱ्याने पगार इथे खर्च केला असता तर तो कोणा शिंप्याच्या, सुताराच्या हाती गेला असता, पेन्शन म्हणून विलायतेत गेला तर तिथल्या शिंप्याच्या हाती. कानच्या भाषेत ही आयातीची गळतीच आहे, फक्त तीस वर्षे आधी आणि गुलाम देशाच्या बाजूने मांडलेली. त्या ग्रंथाच्याही आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला सुचवले होते, की रिकाम्या असणाऱ्या लष्कर-पोलिसांना ताली-बंधारे घालण्याच्या कामाला लावा, म्हणजे पाणी शेतात मुरेल. सरकारी पगार शेतीच्या पाण्याला जोडण्याची ही सूचना आहे. गुणकाच्या वंशावळीत या दोन्ही नावांना मानाची जागा हवी.

मराठी मुलखात ही गोष्ट प्रत्यक्ष मोजायला पहिल्यांदा बसले ते नागपुरात शिकलेले धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ मध्ये गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कालव्याची पाणीपट्टी किती वसूल झाली यावरून सरकार कालवा ‘फायद्याचा की तोट्याचा’ ठरवत असे. गाडगीळांनी प्रत्यक्ष लाभांबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजले पाहिजेत असा आग्रह धरला: उसामागे आलेले कारखाने, गुऱ्हाळे, गाडीवान, बाजारपेठा, मजुरी. कालव्यातून बाहेर पडलेला रुपया कुठे कुठे गेला याचा तो माग होता. चंद्रपूरच्या घोडाझरी आणि आसोलामेंढा तलावांचा हिशेबही खरे तर असाच व्हायला हवा.

आणि मग १९५२ मध्ये अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी लेख लिहून सगळ्यांना थांबवले. स्वतः केंब्रिजला शिकलेले राव म्हणाले, केन्सचा गुणक आपल्याकडे तसाच चालणार नाही. विलायतेत गिरण्या बंद होत्या, यंत्रे रिकामी होती, कामगार दारात उभे होते. तिथे मागणी वाढली की गिरणी सुरू होते. आपल्याकडे बेकारी शेतात लपलेली असते, घरचे धान्य घरीच खाल्ले जाते आणि मागणी वाढली म्हणून धानाचे पीक महिन्याभरात वाढत नाही. मग पैसा फिरतो, पण कामाऐवजी भाव वाढवतो.

हा आक्षेप फार महत्त्वाचा आहे. गडचिरोलीच्या गावात मे महिन्यात तेंदूपानाचा पैसा एकदम येतो. फळीवर पुडके मोजले जातात, मुन्शी वहीत आकडे मांडतो आणि काही दिवसांत घरोघरी रोकड येते. त्या दिवसांत गावात विकत घ्यायला काय असते? धान कोठीत मोजका, भाजीपाला जवळजवळ नाही, मासे आटलेल्या तलावात. साहजिकच पैसा मोटारसायकलच्या हप्त्याकडे, लग्नाच्या कपड्यांकडे, दारूकडे जातो. सगळा एका पंधरवड्यात. गडचिरोलीच्या दारूमुक्ती आंदोलनामागे, ज्यातून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, आरोग्याइतकाच हा विचार होता, की बायांच्या कष्टाचा पैसा घरातून निघून भलत्याच हातात जातो. रावांचे म्हणणे इथे खरे ठरते. पण त्याचा अर्थ मजुरी देऊ नये असा होत नाही. मजुरीबरोबर गावात पिकवण्याची, घडवण्याची ताकदही वाढली पाहिजे, असा होतो.

तीच गोष्ट पिकानंतर कशी बदलते ते पाहायचे तर दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजला जावे. धान निघालेला असतो, गावोगावी मंडई आणि शंकरपट भरतात आणि झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गावचे मंडळ कंपनीला ठरवते, तिकिटे विकते. नट, गायक, वादक, लेखक, मंडप आणि पडदेवाले बहुतेक याच झाडीपट्टीतले. पाहुणे येतात म्हणून घराघरात कोंबडे कापले जाते, बाजारात वडे-भज्यांची कढई उतरत नाही. धानाचा रुपया मुंबई-नागपूरला न जाता चार जिल्ह्यांतल्या चार हातांतून फिरतो. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कलेचा गौरव झाला, तो योग्यच. माझ्या मते त्या रंगभूमीचा अर्थशास्त्रीय गौरवही व्हायला हवा. सरकारी अनुदानावर न जगता, ग्रामीण प्रेक्षकाच्या तिकिटावर जगणारा एवढा मोठा उद्योग महाराष्ट्रात फारसा नाही.

गुणकाची कल्पना महाराष्ट्रात कायदा झाली ती वि. स. पागे यांच्या हातून. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ चा दुष्काळ आला आणि योजना राज्यभर गेली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की लोक जगले ते मुख्यतः या मजुरीवर. हातात रोकड होती म्हणून, बंदी असतानाही, इतर राज्यांतून धान्य महाराष्ट्रात ओढले गेले. रावांचा आक्षेप त्या वर्षी उलटा झाला. मागणी आधी आली, पुरवठा तिच्यामागून चालत आला.

पाग्यांच्या योजनेत आणखी एक गोष्ट होती. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला तो रोजगार हमीसाठी. मुंबईच्या पगारदाराच्या पगारातून कापलेले पैसे दुष्काळी गावात मजुरी म्हणून उतरू लागले. जो पैसा शहराकडे वाहतो, त्यातला काही कायद्याने उलटा फिरवण्याची ती व्यवस्था होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिणारे महाराष्ट्र पहिले राज्य. २ फेब्रुवारी २००६ ला केंद्राची योजना देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते.

या योजनेच्या परिणामाचा सर्वांत भक्कम पुरावा सीमेपलीकडून आला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादसह आठ जिल्ह्यांतल्या १५७ मंडलांत कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी अभ्यास केला. काही मंडलांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, मजुरी स्मार्टकार्डने देण्याची सोय आधी झाली. तिथे मजुरी हातात पडण्याआधीची गळती कमी झाली, मजुरी वेळेवर मिळू लागली. गरीब घरांचे उत्पन्न वाढले आणि वाढीचा बहुतांश भाग योजनेच्या मजुरीतून नव्हे, तर बाहेरच्या कामांतून आला. शेतमजुरीचे दर वाढले, तरी खासगी काम कमी झाले नाही, उलट वाढले. निधीचा आकडा न बदलता निव्वळ पैसा वेळेवर आणि पूर्ण पोचल्याने हे झाले. मजुरी १५ दिवसांत मिळाली पाहिजे असे कायदा सांगतो. दोन महिन्यांनी मिळालेली मजुरी म्हणजे केवळ मजुराचा त्रास नव्हे. मधल्या काळात त्याने सावकाराकडून उचल घेतलेली असते आणि पैसे हातात पडताक्षणी तिकडे जातात. ढिवराच्या आणि लोहाराच्या वाट्याची फेरी सुरूच होत नाही.

जंगलाच्या पैशाची हकिकत याहून कडवट आणि याहून आशादायक आहे. १९४५ मध्ये थापर समूहाने बल्लारपूरला कारखाना स्थापला आणि पुढे तो देशातल्या मोठ्या कागद कारखान्यांपैकी एक झाला. त्याला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत गेला. कारखान्याने हजारोंना नोकऱ्या दिल्या, बल्लारपूर शहर वाढवले, हे नाकारता येणार नाही. पण बांबू ज्या गावाच्या जंगलातून जात होता, त्या गावाच्या हाती फक्त कटाईची मजुरी येत होती. बांबूपासून सूप, टोपली, ताटवा, ढोली विणणाऱ्या बुरडांना तोच बांबू मिळवायला वनखात्याच्या डेपोवर खेटे घालावे लागत. एक बांबू बुरडाच्या अंगणात गेला तर त्याच्या चार वस्तू होतात आणि त्या चारही आसपासच्या बाजारात विकल्या जातात. तोच ट्रकमध्ये चढला की गावाच्या हिशेबातून कायमचा वजा होतो.

मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातल्या छोट्या गोंड गावाने हे दार आपल्याकडे घ्यायचे ठरवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गाव अभ्यास गटात बसून, सर्वसहमतीने निर्णय घेऊ लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. बांबू गवत की झाड, या प्रश्नावर गाव अडून राहिले. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

त्या परवाना-पुस्तकाला मी गुणकाच्या इतिहासात कानच्या लेखाइतके महत्त्व देतो. त्याने एक रुपयाही खर्च केला नाही, फक्त विक्रीची किंमत कुठे जमा होईल ते बदलले. ग्रामसभेने स्वतः निविदा काढल्या, मजुरीचा दर स्वतः ठरवला, उरलेली रक्कम ग्रामकोषात ठेवली. ग्रामकोषातून जंगलाची राखण, मृद्‌संधारण, गावातली बांधकामे आणि अडीनडीला कर्ज. सावकाराकडे जाणारे व्याजही त्यामुळे गावातच राहू लागले. व्याजाची ही दुसरी गळती, आणि तिच्याकडे सरकारी योजनांचे लक्ष क्वचित जाते.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. पाचगावने बांबूवर वर्षभराची मजुरी उभी केली. आणि तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, फळे खायला उरत नाहीत. रोख पैसे देणारा हंगाम गावाने आपण होऊन सोडून दिला, कारण पुढच्या वर्षांचे उत्पन्न त्यांना दिसत होते. मिलिंद बोकील यांनी या दोन्ही गावांवर पुस्तके लिहिली आहेत आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही वाचावीत.

कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. २०१४ मध्ये पेसा या, आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे राज्याचे नियम आल्यावर अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. काही वर्षे चांगला भाव मिळाला, काही वर्षे व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. तेंदूपान अजूनही पान म्हणूनच जिल्ह्याबाहेर जाते, विडी दुसरीकडे वळली जाते. ग्रामसभेने पहिली फेरी मिळवली, पुढच्या फेऱ्या अजून मिळवायच्या आहेत.

आता एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज निघते आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला प्रकल्प उभा आहे. दीडशे वर्षांपूर्वी लोहाऱ्याला जे झाले नाही ते इथे होईल, खनिज इथेच घडवले जाईल, अशी आशा आहे, आणि जंगल व पाण्याची भीतीही तितकीच खरी आहे. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनंतर रॉयल्टीखेरीज तिच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जाते. जुन्या पट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के आहे. दादाभाईंच्या काळी अशी तरतूद असती तर वरोऱ्याचे काय झाले असते, असे मनात येते. पण हा पैसा कुठल्या तालुक्यात, कोणाच्या कंत्राटात, कुठून आणलेल्या मालावर खर्च होतो, हे न पाहता तो ‘जिल्ह्याचा’ म्हणणे पुरेसे नाही.

ते पाहता येते. विदर्भातच, अकोला जिल्ह्यातल्या कान्झरा या गावाचा शंकर सुब्रमणियन आणि एलिझाबेथ सादुले यांनी १९९० मध्ये असा तक्ता मांडला होता. आडव्या रांगेत पैसे कोणाकडून आले, उभ्या स्तंभात कोणाकडे गेले: शेतमालक, मजूर, कारागीर, दुकान, बाहेरची बाजारपेठ, सरकार. एका जागी रुपया टाकला की तो गावातल्या कुठल्या घरापर्यंत पोचतो हे त्या तक्त्यावरून काढता येते. गडचिरोलीच्या ग्रामसभांकडे आज मजुरीची पत्रके आहेत, तेंदूच्या फळीच्या वह्या आहेत, बांबूच्या परवान्यांच्या प्रती आहेत, ग्रामकोषाची खाती आहेत. कान्झऱ्याच्या अभ्यासकांना जी माहिती घरोघर फिरून गोळा करावी लागली, तिचा अर्धा भाग इथे आधीच लिहिलेला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी एका हंगामात तीन रकाने भरावे लागतील: मजुरी मिळाल्यावर पहिले पैसे कोणाला दिले, तो कुठल्या गावचा, आणि त्याने विकलेली वस्तू कुठे बनली.